रूलफीनची फिरती खुर्ची

रूलफीन होविंगला काम करताना कोणी पहिल्यांदा पाहिलं, की त्याला वाटायचं बाईला वेड लागलंय. लोकरीच्या धाग्याचं एक टोक टेबलाच्या पायाला बांधलेलं, दुसरं तिच्या कमरेला, आणि ही बाई डोळे मिटून फिरत्या खुर्चीवर हळूहळू डावीकडे वळतेय, थांबतेय, परत उजवीकडे वळतेय, तोंडाने काहीतरी पुटपुटतेय. एकदा सरकारी पाहुणे दारातच थबकले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "घाबरू नका, ती आत्ता पोलंडमध्ये आहे." त्यांना ते काही पटलं नाही. पण होती खरंच पोलंडमध्ये.

मी आल्ट्ये. ह्याच संस्थेत पेट्यांचं काम बघते. ठिकठिकाणच्या दुर्बिणी जे टिपतात ते डिस्कवर भरून आमच्याकडे येतं. त्या पेट्या उतरवायच्या, रिकाम्या झाल्या की परत पाठवायच्या. आकाशातलं मला विचारू नका, पेटीचं कुलूप मोडलं असेल तर विचारा. रूलफीन मात्र माझी शेजारीण, दोघींच्या परसात एकच कुंपण. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका कोणाचाच नाही.

तिचं काम सांगायला सोपं आहे. स्वीडनपासून सिसिलीपर्यंत रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत, एकेक तबकडी एवढी की तिच्यात आमच्या गावचं चर्च मावेल. त्या सगळ्यांनी एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे कान लावला, तर सगळ्या मिळून एक अजस्र दुर्बीण होते. एकीचंही लक्ष भलतीकडे असलं तर तिचा भाग फुकट. तेव्हा कोणी कधी कुठे बघायचं, एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर वळायला कोणाला किती वेळ लागेल, कुणाकडे तारा उगवलाय आणि कुणाकडे अजून डोंगराआड आहे, हे सगळं जुळवायचं. ते रूलफीन जुळवते. सगळ्यांच्या हातात तिचं वेळापत्रक पडतं आणि त्याबरहुकूम ती धुडं वळतात.

मूळची ती दुधाची. दूध सोसायटीची गाडी कुठल्या गोठ्यावर कधी पोचली पाहिजे, ते ती ठरवायची. कोणाच्या गाई उशिरा पान्हावतात, कोणाची म्हातारी गाडीवाल्याला कॉफीला बसवून घेते, सगळं तोंडपाठ. सोसायटी बंद पडली आणि ती इथे टंकलेखनाला लागली. तारे आणि गाई ह्यांत तिला काही मोठा फरक वाटला नाही. म्हणायची, "दोघंही आपल्या वेळेला येतात गं. धावपळ आपण करायची."

लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. संध्याकाळी सहाला बटाटे ताटात. कॉफीबरोबर एक बिस्कीट, मग डब्याचं झाकण बंद, समोर बिशप बसलेला असो की माझ्यासारखी खादाड. पण कंजूष म्हणाल तर जीभ झडेल. माझा नवरा हार्म गेला त्या दिवशी मी कोणाला फोन केला नव्हता. तरी ही मागच्या दाराने आत आली, कोणी गेलं की आमच्याकडे करतात तसे पडदे ओढले, घड्याळ थांबवलं आणि कॉफीचं आधण ठेवलं. आमच्या ड्रेन्टमध्ये, हॉलंडच्या ह्या कोपऱ्यात, शेजाऱ्याला बोलावावं लागत नाही. शेजारधर्म म्हणतात त्याला, आणि तो पाळताना कोणी तोंडही उघडत नाही. हार्मची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांपैकी एकालाही मी 'या' म्हटलं नव्हतं.

आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात, बसल्या बसल्या कोणाचा विसर पडू नये म्हणून. रूलफीनच्या त्या कॅलेंडरवर नातेवाईक चार-दोन, बाकी सगळे दुर्बिणींवरचे. स्वीडनची गुन्व्होर, सिसिलीचा कार्मेलो, पोलंडचा लुडविक, त्यांच्या बायका, मुलं, कार्मेलोची सासूसुद्धा. एकालाही तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण गुन्व्होर घरी लवकर जेवते, कार्मेलोच्या घरी मोठं जेवण दुपारीच होतं आणि त्यात व्यत्यय आला की तो दिवसभर गुरगुरतो, हे तिला ठाऊक. म्हणून तिच्या वेळापत्रकात भर दुपारी एक मोकळी जागा असायची. तेवढ्या वेळात कोणतीही दुर्बीण काही बघायची नाही. माणसं जेवायची.

वर्षातून तीनदा सगळ्या दुर्बिणींचं मिळून सत्र असायचं, आणि ह्या मोकळ्या जागेवरून सीत्सेशी तिची दर सत्राला खडाजंगी व्हायची. सीत्से आमचा प्रमुख. माणूस वाईट नाही, फक्त नियमाचा पक्का, आणि रिकामा वेळ दिसला की ह्याच्या पोटात दुखतं.

"रूलफीन, लोक एकेका तासासाठी वर्षभर रांगेत उभे असतात," तो म्हणायचा. "आणि तू भर दिवसा सगळं जाळं बंद ठेवतेस! दुर्बिणीला भूक लागत नाही."

"दुर्बिणीला नाही लागत रे बाबा. दुर्बिणीवाल्याला लागते."

"तो खाईल की घास-घास, काम करता करता."

"तू खातोस?"

सीत्से साडेबाराला चीझ-पाव खायला बसला की राणी आली तरी उठत नाही. मग तो कान लाल करून निघून जायचा. मोकळी जागा राहायची.

आता लुडविकचं सांगते. पोलंडमधल्या एका खेड्याबाहेर, बटाट्याच्या शेतांमध्ये त्याची दुर्बीण. जुनी, कुरकुरणारी. तो तिला 'म्हातारी' म्हणायचा. तिच्या शेजारच्याच घरात तो आणि त्याची बायको हलिना राहायचे. शरदातल्या सत्रात म्हातारीच्या रिसीव्हरमध्ये पाणी शिरलं आणि तिचा आवाज बाकीच्यांशी जुळला नाही. हिवाळ्यात हलिना गेली. वसंतातल्या सत्रात म्हातारीचं घड्याळ जरासं चुकलं, परत जुळलं नाही. जाळ्याचा कारभार बघणाऱ्या मंडळाने ठराव केला की तिसऱ्या सत्रातल्या चाचणीतही जुळली नाही, तर नाव जाळ्यातून काढायचं. आणि जाळ्यातून नाव गेलं की त्या दुर्बिणीला दुसरं काम नव्हतं. तिकडचे वरिष्ठ कुलूप लावून मोकळे होणार होते.

एप्रिलमध्ये हलिनाचा वाढदिवस आला. कॅलेंडरवर नाव होतंच, रूलफीनने ते खोडलं नव्हतं. वाढदिवस असेल त्याच्या घरच्या सगळ्यांचं अभिनंदन करायचं ही आमच्याकडची रीत. माणूस गेल्यावर काय करायचं, ते रीत सांगत नाही. रूलफीनने फोन लावला आणि म्हणाली, "लुडविक, आज हलिनाचा दिवस. म्हटलं, तुम्ही एकटे असाल." त्या दिवशी ती दोघं कितीतरी वेळ बोलली. काय ते मला माहीत नाही. मी परसात धुणं वाळत घालत होते आणि खिडकीतून मला नुसती तिची पाठ दिसत होती.

जूनमधल्या चाचणीच्या आदल्या दिवशी मी तिच्या खोलीत कॉफी घेऊन गेले होते, तेव्हा लुडविकचा फोन आला. रूलफीनला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा.

"रूलफीनबाई, उद्याचं वेळापत्रक मिळालं. एक मागायचं होतं."

"मागा की."

"माझ्या म्हातारीला आता कमी ऐकू येतं. तुम्ही दिलेला तारा फार हळू बोलतो. जरा ठणठणीत आवाजाचा मिळेल का?"

"बघते. तुम्ही जेवलात?"

"जेवलो." मग पेला खाली ठेवल्याचा आवाज. "रूलफीनबाई, हलिना गेल्यापासून मी सकाळी उठतो, चहाचा पेला घेतो आणि म्हातारीकडे जातो. बाकी काही करत नाही. तेल घालतो, पुसतो, तिथेच बसतो. तिला कुलूप लावलं, तर मी सकाळी उठून जाऊ कुठे?"

रूलफीन म्हणाली, "ठणठणीत तारा देते. अगदी बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा," आणि फोन ठेवला.

तिने लगेच शोधला. उत्तरेकडचा एक तारा, आकाशात उंच, आवाज खणखणीत. तो तिने हळू बोलणाऱ्याच्या पाठोपाठ घातला. कॉम्प्युटरला विचारलं, तो म्हणाला ठीक. सगळीकडची माणसं घरी जायच्या आत नवीन वेळापत्रक पोचायला हवं, म्हणून तिने ते तडक पाठवून दिलं. मी पाहत होते. डोळे पुशीत, नाक ओढीत ती टाइप करत होती. धागा टेबलाखाली गुंडाळलेला तसाच पडून होता.

धाग्याचं आता सांगायलाच हवं. दुर्बीण गोल फिरते, पण तिच्या पोटातून जमिनीत केबल गेलेली असते. एकाच दिशेने फिरत राहिली तर केबलला पीळ पडत जातो, आणि एका हद्दीनंतर आणखी फिरवली तर केबल तुटते. मग पुढचा तारा चार हातांवर असला तरी उलटं फिरून, सगळा पीळ सोडवून, लांबच्या वाटेने त्याच्याकडे जावं लागतं. कुठल्या दुर्बिणीची हद्द कुठे, ते कॉम्प्युटरला माहीत असतं. फक्त लुडविकने मागल्या वर्षी जाड केबल घातली होती आणि म्हातारीची हद्द कमी झाली होती. ते कॉम्प्युटरमध्ये अजून उतरलं नव्हतं. रूलफीनच्या खुर्चीत उतरलं होतं. म्हणून म्हातारीचा प्रत्येक तारा ती स्वतः फिरून बघायची, कमरेला धागा कुठे आवळतो ते बघायची. त्या एका वेळेला तेवढी फिरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी. सगळ्या दुर्बिणींचा आवाज थेट आमच्याकडे येत होता, आणि सगळी माणसं एकाच फोनवर, आपापल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. सीत्से चीझ-पावाचा डबा काखेत मारून स्वतः येऊन बसला. निकाल त्यालाच मंडळाकडे पाठवायचा होता. मीही पेट्या सोडून दारात उभी राहिले. कोणी हाकललं नाही.

पहिल्या ताऱ्यावर म्हातारीला काही ऐकू आलं नाही. ते अपेक्षितच होतं, तो हळू बोलणारा होता. मग सगळ्या दुर्बिणी उत्तरेच्या ताऱ्याकडे वळायला निघाल्या. गुन्व्होर म्हणाली, "पोचले." कार्मेलो म्हणाला, "पोचलो, आणि काय आवाज आहे, वा!" पडद्यावर स्वीडन आणि सिसिली लगेच जुळली, ठिपक्यांतून त्यांची एकेक सरळ रेघ उभी राहिली.

"लुडविक?" सीत्सेने विचारलं.

"वळतेय."

थोडा वेळ गेला. "लुडविक?"

"अजून वळतेय." मग अगदी हलक्या आवाजात, "उलटी वळतेय, रूलफीनबाई."

रूलफीनने वाकून टेबलाखालचा धागा काढला, कमरेला धरला आणि सगळ्यांसमोर खुर्ची फिरवली. अर्ध्यातच धागा ताठ झाला. तिने तो तसाच धरून ठेवला.

"माझी चूक," ती म्हणाली. "पिळाचं मी बघितलंच नाही. तिला सगळी उलटी फिरून यावं लागणार. ती पोचेपर्यंत चाचणी संपलेली असेल."

सीत्सेने घड्याळ पाहिलं, मग बोटं कपाळावर चोळली.

"रूलफीन, मला वाईट वाटतंय गं. पण चाचणीची वेळ ठरलेली आहे. चूक कोणाची का असेना, जुळलं नाही म्हणजे नाही जुळलं. हेच लिहावं लागेल मला."

"माहीत आहे," रूलफीन म्हणाली.

तिने कोणाला काही मागितलं नाही. तिचा स्वभावच नव्हे तो. मला मात्र इतका संताप आला, की ते घड्याळ भिंतीवरून काढून खिडकीबाहेर भिरकावून द्यावंसं वाटलं. फोनमधून फक्त म्हातारीच्या चाकांची कुरकुर ऐकू येत होती. चाचणीची वेळ संपली. आता दुपारची मोकळी जागा सुरू झाली होती, आणि नेहमीच्या रिवाजाने 'चला, जेवून येतो' म्हणून एकेकाने फोन ठेवायचा होता.

कोणी ठेवला नाही.

"अरे, सगळे मेलात का?" हा कार्मेलो. "मी आहे इथेच, ताऱ्यावर. लुडविक, ये तू सावकाश, केबल तोडू नकोस."

"कार्मेलो, तुझं जेवण?" रूलफीनने विचारलं.

"सासूने पास्ता उकळत्या पाण्यात सोडलाय, सिन्योरा. त्याचा लगदा होणार आणि ती माझा करणार. होऊ दे."

"मीही आहे," गुन्व्होर म्हणाली. तिच्या जेवणाची वेळ तर केव्हाच टळून गेली होती. एवढं बोलून ती गप्प झाली, स्वीडनची माणसं त्याहून जास्त बोलत नाहीत.

मग एकेक आवाज येत गेला. मी आहे. मीही आहे. आम्हीही थांबलोय. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. मला एकदम माझ्या घरातले ओढलेले पडदे आठवले, आणि मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

सीत्से मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, आता हा नियम काढणार. मी तोंड उघडून तयारच होते.

"रूलफीन," तो म्हणाला, "वेळापत्रकात हा मधला वेळ कोणाच्या नावावर आहे?"

"कोणाच्याच नाही. त्यांचा आहे तो. जेवायचा."

"मग त्यात त्यांनी काय करायचं ते मी कोण सांगणार?" असं म्हणून त्याने चीझ-पावाचा डबा बाजूला सरकवला. साडेबारा वाजून गेले होते. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं, की माणूस भुकेला बसलाय आणि डबा उघडत नाहीये.

म्हातारी कुरकुरत फिरत राहिली. कोणाच्या तरी पोटात कावळे ओरडले ते फोनवरून ऐकू आलं आणि गुन्व्होर हसली, तिचं हसू मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. कार्मेलोची सासू मागून कडाडली. मग कुरकुर थांबली.

"पोचली," लुडविक म्हणाला.

पडद्यावर म्हातारीच्या वाटची जागा अजून खसखस सांडल्यासारखी होती, नुसते ठिपके. सीत्से पुढे वाकला. रूलफीनने डोळेच मिटून घेतले. मी मिटले नाहीत, म्हणून मला दिसलं. ठिपक्यांच्या मधोमध काहीतरी हललं, उंचावलं, परत बसलं, आणि मग एक सरळ रेघ उभी राहिली ती राहिलीच.

"रूलफीन," मी ओरडले, "अगं, डोळे उघड!"

तिने उघडले. सीत्से फोनवर वाकला.

"लुडविक, ऐकू आलं. तुझ्या म्हातारीला ऐकू आलं रे."

पलीकडून नाक शिंकरल्याचा मोठ्ठा आवाज आला.

"रडून झालं असेल तर सांगा," कार्मेलो म्हणाला. "मला लगदा खायचाय."

सगळे एकदम हसायला, बोलायला लागले, सगळ्या भाषांत. सीत्सेने निकाल लिहिला. रूलफीन हट्टच धरून बसली, की चूक माझी होती तेही लिही. "लिहितो," तो म्हणाला, "आणि जेवणाच्या वेळेत जुळली, असंही लिहितो. विचारू देत मंडळाला काय विचारायचं ते." मंडळाने विचारलं, लांबलचक विचारलं. सीत्सेने त्याहून लांबलचक उत्तर दिलं. म्हातारीचं नाव राहिलं. जेवणाच्या मोकळ्या जागेबद्दल सीत्सेने पुढे कधी ब्र काढला नाही.

पण ते सगळं नंतरचं. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी कामावर गेले, तर रूलफीन पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक घेऊन बसली होती. रात्री झोपली नसावी, डोळे सुजलेले. मी काही म्हणणार तोच फोन वाजला.

"रूलफीनबाई, काम काही नाही," लुडविकचा आवाज खोलीभर आला. "उगाच फोन केला."

"बोला की."

"आज सकाळी उठलो. चहा घेतला. आणि गेलो."

"म्हातारीकडे?"

"म्हातारीकडे. दार उघडलं, बसलो. अजून तिथेच बसलोय." मग तो म्हणाला, "तुम्हाला सांगावंसं वाटलं."

"बरं केलंत," रूलफीन म्हणाली. "चहा गार करू नका."

फोन ठेवून तिने लोकरीचा धागा कमरेला बांधला, दुसरं टोक घेऊन टेबलाच्या पायाशी वाकली, आणि तशीच वाकून राहिली. मग ते टोक माझ्यापुढे धरलं.

"आल्ट्ये, गाठ तेवढी तू मार गं. मला दिसत नाहीये."

मी खाली बसले आणि गाठ मारली. चांगली घट्ट मारली. रूलफीनने डोळे पुसले, मग मिटले, आणि पोलंडला निघाली.